कात्रीबाईंनी कापलेला तुकडा

कात्रीबाईंचं खरं नाव काय, हे बोलक्या पुस्तकांच्या त्या ग्रंथालयात आता कुणाला आठवत नाही, आणि बाईंनाही त्याचं काही वाटत नाही. ग्रंथालय अंधांसाठी. कुणीतरी पुस्तक मोठ्याने वाचायचं, ते रेकॉर्ड करायचं, नखाएवढ्या कार्डावर घालायचं आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्या घरी पोस्टाने पाठवायचं. आता वाचणारी माणसंच ती. अडखळतात, खोकतात, मध्येच पाणी पितात. ते सगळं कापून वाचन स्वच्छ करायचं काम बाईंचं. म्हणून त्या कात्रीबाई.

कापून झालं की दुसरं काम. प्रत्येक फाइलला तिची माहिती चिकटवायची. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कडेला एक पट्टी उघडते, तिचं नाव इन्स्पेक्टर. फाइलवर क्लिक केलं की ती पट्टी सगळं ओकते: पुस्तक कुठलं, प्रकरण कितवं, वाचलं कुणी, कापलं कुणी, लांबी किती, शेवटचा हात कुणाचा लागला. चूक दिसली की तिथेच दुरुस्त करायची. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ‘‘बाई, इन्स्पेक्टर उघडा,’’ तेव्हा बाई दचकल्या होत्या. मग बाई त्या पट्टीला फौजदारच म्हणायला लागल्या. ‘‘फौजदारापुढे कुणाचं काही लपत नाही,’’ असं म्हणून नव्या माणसांना घाबरवायच्या.

या कामात त्यांना ओढलं त्यांच्या नवऱ्याने. ते वीज कंपनीत मीटर वाचायचे. दारोदार जायचं, दारातून ओरडायचं, आकडा टिपायचा, पुढचं घर. एकदा ग्रंथालयाच्या दारात उभं राहून त्यांनी ‘‘मीटर कुठंय?’’ एवढंच विचारलं आणि आतली सगळी माणसं वळून बघायला लागली. असा आवाज! भरदार, पण कानाला न टोचणारा. तेव्हाच्या व्यवस्थापकांनी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात पुस्तक दिलं, आणि मीटरवाले तिथेच फसले. त्यानंतर किती वर्षं दिवसा मीटर वाचले आणि संध्याकाळी पुस्तकं, त्याची मोजदाद नाही. घरातल्या मागच्या खोलीत गोधड्या टांगून त्यांनी स्टुडिओ केला. पण कॉम्प्युटर म्हटला की ते लांब पळायचे. तेव्हा ते काम आलं बायकोच्या गळ्यात. बाई शिकल्या, आणि अशा शिकल्या की पुढे ग्रंथालयाने त्यांना कायमचंच ठेवून घेतलं.

वाचणाऱ्यांना एक सवय लावलेली असते. चुकलं की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. टाळीचा आवाज पडद्यावर सुळक्यासारखा उभा दिसतो. मग कापणाऱ्याला शोधत बसावं लागत नाही. मीटरवाले टाळी तर वाजवायचेच, वर बायकोसाठी निरोपही ठेवायचे. ‘‘चुकलो गं, हे काढ.’’ ‘‘या लेखकाला श्वास घेणं माहीत नाही, बघ केवढं वाक्य.’’ ‘‘आज भाजीत मीठ नव्हतं, हे तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून इथं सांगतोय.’’ बाई कानाला हेडफोन लावून हसायच्या आणि काट काट कापत पुढे जायच्या. शेजारणींना सांगायच्या, ‘‘नवऱ्याची बडबड कापायची सोय असलेली जगातली एकटीच बायको मी.’’ शेजारणी म्हणायच्या, ‘‘आम्हालाही शिकवा की!’’

आणि मग एके दिवशी मीटरवाले सकाळी दाढी करता करता खाली बसले ते उठले नाहीत. ना आजारपण, ना निरोपाचं बोलणं. माणूस गेला. बाईंनी रीतीप्रमाणे रडून घेतलं, आणि दोन महिन्यांनी कामावर आल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, बाई सावरल्या. बाईंनाही तसंच वाटलं. कारण त्यांच्यापाशी जे होतं ते कुठल्या विधवेपाशी असतं? नवऱ्याचा आवाज. शेकडो तासांचा, स्वच्छ, खणखणीत. पाहिजे तेव्हा ऐकावा.

हा भ्रम मोडला नणंदेने. ती लांब राहायची. एका दुपारी तिचा फोन आला.

‘‘वहिनी, दादाचा आवाज आहे का गं तुझ्याकडे? फार आठवण येतेय.’’

‘‘किती पाहिजे तेवढा घे. पोत्याने आहे,’’ बाई म्हणाल्या, आणि एका प्रवासवर्णनाची दोन प्रकरणं पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी नणंदेचा पुन्हा फोन. आवाज पडलेला.

‘‘ऐकलं वहिनी. छान वाचतो गं दादा. पण… रागावू नकोस. हा दादा नाही. हा पुस्तक वाचणारा माणूस आहे. मला दादा पाहिजे. ‘काय गं बावळट’ म्हणणारा. तसं काही नाही का?’’

‘‘बघते,’’ बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून आठवायला लागल्या. तसं काही कुठे होतं? यांच्या हातातला फोन बटणांचा, त्याच्यावर बोलणं झालं की हवेत गेलं. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत हे दिसतात, पण पाठमोरे, जेवताना, आणि वर बँड वाजतोय. स्वतःचं, आपल्या मनाने बोललेलं जे काही ते बोलले होते ते माइकसमोर, आणि ते सगळं बाईंनी कापलं होतं. नीट, कडा जुळवून, मागमूस न ठेवता. शेकडो तास उरले ते दुसऱ्यांच्या शब्दांचे. त्यात बाईंना म्हटलेलं ‘अगं’ एकदाही नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा काखेत होता तो आपणच रोज थोडा थोडा फेकत आलो, असं बाईंना झालं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या आणि पुढ्यातलं काम बाजूला सारून नवऱ्याने वाचलेल्या सगळ्या फायली फौजदारापुढे उभ्या केल्या. कुठेतरी एखादा शब्द राहिला असेल. कात्री कितीही तेज असली तरी एखादं सूत राहतंच की.

आठवडाभर शोधलं. काही नाही. आपण एवढं चोख काम का केलं म्हणून स्वतःच्या हातांचा राग करणारी बाई कधी पाहिलीय? ती ही. मग त्यांना सुचलं, की ऐकत बसण्यापेक्षा फौजदारालाच विचारावं. ‘कापलं कुणी’ हा रकाना घेतला आणि सगळ्या फायली त्या क्रमाने लावल्या. खालपर्यंत बाईंचंच नाव, बाईंचंच नाव. आणि अगदी तळाला एका फायलीत लिहिलेलं: ‘पाय मोडलेली बाई’.

बाईंनी चष्मा पुसला. ही भाषा जगात एकाच माणसाची. मग सगळं आठवलं. न्हाणीघरात पाय घसरून बाईंचं हाड मोडलं होतं, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. तेव्हा मधमाशा पाळण्यावरचं एक पुस्तक चाललेलं. ‘‘शेवटचं प्रकरण मी कापतो, मी देतो, तू पडून राहा,’’ असं म्हणून हे स्वतः ग्रंथालयात गेले आणि आल्यावर छाती काढून म्हणाले, ‘‘झालं! कापलं सगळं, माहितीही भरली.’’ बाईंनी विश्वास ठेवला. ज्या माणसाला कॉम्प्युटर बंद करता यायचा नाही, तो कापतोय कसला! त्याने जसं होतं तसं देऊन टाकलं होतं आणि रकान्यात ही थट्टा करून आला होता. एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो रकाना वाचतं कोण.

बाईंनी हेडफोन लावले. राणीमाशीचं प्रकरण. अर्ध्यापर्यंत नेहमीचं वाचन. मग एकदम खुर्ची कुरकुरली, लगेच टाळी, आणि अगदी कानात, जवळून:

‘‘हे एवढं काढून टाक गं.’’

आणि पुढचं वाक्य सुरू.

बाईंनी तेवढंच पुन्हा ऐकलं. पुन्हा. पुन्हा. त्यांना रडू आवरेना, आणि त्यातच त्यांच्या ध्यानात आलं, ‘एवढं’ म्हणजे केवढं? टाळीच्या आधी तर काहीच नाही. खुर्ची कुरकुरते आणि संपलं. त्यांनी फौजदाराकडे बघितलं. मूळ लांबी आणि आताची लांबी अशा दोन ओळी तिथे असतात. इतर फायलींत मिनिटा-दोन मिनिटांचा फरक. इथे दहा-बारा मिनिटं गायब. शेवटचा हात कुणाचा? बाईंचाच.

तेही आठवलं. हे जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. नवे व्यवस्थापक आले होते. वयाने लहान, पण सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी फर्मान काढलं, की जुन्या फायलींत मध्ये मध्ये शांतता फार आहे, ती काढा, जागा वाचेल. फौजदाराच्या पट्टीत एक चौकोन होता: ‘शांतता काढा’. बाईंनी सगळ्या फायली एकदम निवडल्या, त्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि जतन केलं. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की मशिनच्या लेखी ती शांतता. जुन्या प्रती पुसल्या. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ‘‘आज तुमचा सगळा दम काढला.’’ ते म्हणाले, ‘‘म्हणजे आता मी श्वास न घेता वाचतो? बघ हं, एक दिवस तसाच राहायचो.’’ दोघं किती हसले होते त्यावर. आता ते हसणं बाईंना टोचलं.

आपल्याच हाताने. दुसऱ्या कुणाचा हात नाही, दुसऱ्या कुणाला शिव्या द्याव्यात अशीही सोय नाही.

तिसऱ्या दिवशी थकलेल्या कार्डांसाठी फोन करायची पाळी होती. कार्ड नेऊन परत न करणाऱ्यांना आठवण करायची, हे कटकटीचं काम बाईंकडेच. पहिलंच नाव एक्स्चेंजवाल्या आजोबांचं. हे गृहस्थ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. जन्मापासून दृष्टी नाही, कान मात्र असे की फोनवर नुसता श्वास ऐकून माणूस ओळखायचे. त्यांच्याकडे एक कार्ड कित्येक वर्षं अडकलेलं. बाईंनी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. एकदा त्याच पुस्तकाचं नवं कार्डही पाठवलं, म्हटलं जुनं परत करा. आजोबांनी नवंच परत पाठवलं! ‘‘मला जुनंच बरं,’’ म्हणाले. बाई त्यांना मनातल्या मनात खडूस म्हातारा म्हणायच्या.

फोन लावायला बोट उचललं आणि पुस्तकाच्या नावावर नजर गेली. मधमाशांचं.

बाई तशाच उठल्या. पर्ससुद्धा टेबलावर राहिली, ती घ्यायला परत आल्या आणि निघाल्या.

आजोबांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार सुनेने उघडलं. आजोबा खिडकीपाशी बसलेले, मांडीवर रेडिओएवढं कार्ड ऐकायचं यंत्र. बाईंनी नुसतं ‘‘नमस्कार’’ म्हटलं आणि आजोबा ताठ झाले.

‘‘ग्रंथालयाच्या बाई! आता घरी धाडी घालायला लागलात? कार्ड मिळणार नाही हं. वाटलं तर मला उचलून न्या.’’

‘‘कार्ड न्यायला नाही आले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘ऐकायला आलेय. राणीमाशीचं प्रकरण.’’

आजोबा हळूच म्हणाले, ‘‘तुम्हीच का त्या? आत हाक मारणाऱ्या? तरी मला फोनवर वाटायचं, हा आवाज ऐकलाय. पण फोनवर तुम्ही नेहमी रागात, आणि तिथे हसताय, म्हणून खात्री होईना.’’

सुनेने खुर्ची दिली, पाणी दिलं. आजोबा म्हणाले, ‘‘वाचणारे गेले ना? तुमच्या बोलक्या पत्रकात ऐकलं मी. फार वाईट वाटलं. मला वाटलं, तुमच्याकडे हे असेलच. नव्या कार्डात नाही, म्हणजे तुम्ही घरचं म्हणून काढून ठेवलं असेल. नाहीतर कधीच फोन केला असता हो.’’

त्यांनी बटण चाचपलं, आवाज पूर्ण वाढवला.

राणीमाशी, तिचं पोळं, तिच्या दिमतीच्या माशा. मग लांबून, भिंतीपलीकडून एक बाईमाणूस ओरडलं: ‘‘अहो! मेले मी! किती खाजतंय!’’ खुर्ची कुरकुरली. आणि माइककडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, अगदी पुसट:

‘‘आलो गं आलो, राणीमाशी! जीव घेशील एखाद्या दिवशी.’’

पावलं. मग काही नाही.

बाईंनी तोंडावर पदर धरला. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, वेड लागायची पाळी यायची. हे विणायची सुई घेऊन यायचे आणि वरून आत घालून हलकेच खाजवायचे. त्या ‘काही नाही’मध्ये तेच चाललं होतं. मशिनने ज्याला शांतता म्हटलं, बाईंनी खूण करून जी काढून टाकली, ती दहा-बारा मिनिटं ते बाईंच्या शेजारी बसलेले होते.

‘‘आता ऐका,’’ आजोबा कुजबुजले. ‘‘आता ते तुम्हाला काहीतरी सांगतात. घू घू असं ऐकू येतं.’’

खरंच, कान दिला तर येत होतं. जाड भिंतीपलीकडची गुणगुण. आणि मग बाईंचं हसणं, खळखळून, थांबतच नाही असं.

‘‘काय सांगितलं हो त्यांनी?’’ आजोबांनी विचारलं. ‘‘इतकी वर्षं ऐकतोय, पण शब्द काही लागत नाही. म्हटलं, कधी त्या बाई भेटल्या तर विचारीन. एवढं हसण्यासारखं काय होतं?’’

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांची काही गंमत? मीटर वाचताना भेटलेलं कुणी विक्षिप्त गिऱ्हाईक? त्या दोघांत रोज इतकं बोलणं व्हायचं की कुठलं म्हणून लक्षात ठेवायचं! मन उलटंपालटं केलं. नाही आठवलं.

‘‘नाही आठवत,’’ त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना जे रडू फुटलं, ते नवरा गेला त्या दिवशीही फुटलं नव्हतं. आजोबांची सून आतून धावत आली. आजोबांनी हाताने तिला थांबवलं.

हसणं विरलं. मग खरोखरची शांतता, कितीतरी वेळ. बाईंना वाटलं, संपलं. त्या डोळे पुसत उठल्या.

‘‘बसा,’’ आजोबा म्हणाले. ‘‘येतात ते.’’

पावलं आली. खुर्ची कुरकुरली. टाळी.

‘‘हे एवढं काढून टाक गं.’’

आजोबांनी कार्ड बाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंनी नेलं, प्रत करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः परत आणून दिलं. परतीची तारीख घातली नाही.

नणंदेला तेवढं प्रकरण पाठवलं. तिचा फोन आला. दोघी नुसत्या फोन धरून रडल्या. शेवटी नणंदेने तेच विचारलं, ‘‘वहिनी, काय गं म्हणाला तो तुला?’’ बाई रोज ऐकतात, आवाज वाढवतात, भिंतीपलीकडच्या त्या गुणगुणीला कान देतात. कधी वाटतं, आज लागेल. लागत नाही.

कार्डावरून केलेली पूर्ण प्रत त्यांनी ग्रंथालयात कापलेल्या फायलीच्या जागी ठेवली. फौजदार उघडून एकेक ओळ तपासली. वाचलं कुणी, बरोबर. कापलं कुणी, ‘पाय मोडलेली बाई’, ते तसंच राहू दिलं. लांबी पूर्ण. मग खाली कुलपाचं चिन्ह असतं त्यावर खूण केली, म्हणजे पुन्हा कुणी एकदम सगळ्या फायली निवडल्या तरी हिला हात लागणार नाही.

पुढच्या महिन्यात सरांनी तपासणी काढली. बाईंच्या टेबलापाशी येऊन ते म्हणाले, ‘‘बाई, या एका प्रकरणात मध्येच दहा-बारा मिनिटं शांतता आहे. चुकून राहिली का? आणि कुलूप का लावलंय?’’

बाईंनी हेडफोन उतरवला.

‘‘शांतता नाही सर ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमचे हे जरा आत गेलेत माझ्याकडे.’’